पान विनय यांची प्रकृती

आमच्या घरात भारताचा पासपोर्ट आता एकट्या माझ्याकडे उरला आहे. बायको शैलजाने अमेरिकेचा घेतला, मुलगी इला इथेच जन्मली, आणि जावई कुबा मूळचा पोलंडचा. त्यामुळे यंदाच्या उन्हाळ्यात व्याह्यांकडे पोलंडला जायचं ठरलं तेव्हा बाकीचे तिघे थेट बॅगा भरायला लागले आणि मी व्हिसाच्या मागे लागलो. मी पासपोर्ट का बदलत नाही यावर माझं एक छोटं भाषण तयार आहे. ते घरात आता कोणी ऐकत नाही. शैलजा एवढंच म्हणाली, "तत्त्वाला अपॉइंटमेंट मिळते का बघ."

मिळाली. खिडकीतल्या बाईंनी माझे सगळे कागद उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, तुम्ही तिथे नेमके कोणाकडे जाताय? मी म्हटलं, मुलीच्या सासऱ्यांकडे. त्या म्हणाल्या, मग त्यांनी तिकडच्या सरकारी कचेरीत नोंदवलेलं निमंत्रण आणा. म्हणजे व्याह्यांनी मला 'या' म्हटलेलं पुरेसं नव्हतं, ते त्यांनी सरकारसमोर म्हणायला हवं होतं.

कुबाने गावी फोन लावला. त्याचे वडील स्टाशेक, म्हणजे आमचे व्याही, टाट्रा पर्वताच्या पायथ्याशी शेती करतात. गवतकापणी तोंडावर आलेली असताना ते बिचारे ट्रॅक्टर सोडून शहरातल्या कचेरीत गेले. पहिल्यांदा माझ्या नावात एक अक्षर जास्त पडलं. दुसऱ्यांदा कचेरीला सुट्टी होती. शेवटी शिक्का मारलेला कागद नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी आमच्या घरी येऊन पोचला, आणि मी उत्साहाने कुबाला तो वाचून दाखवायला सांगितला.

कुबा जरा घुटमळला. मग म्हणाला, "यात बाबा लिहून देतात की पाहुण्याच्या राहण्याजेवणाचा खर्च ते करतील. पाहुणा आजारी पडला तर औषधाचा खर्च ते करतील. आणि पाहुणा परत गेलाच नाही, तर त्याला देशाबाहेर काढण्याचा खर्चही तेच करतील."

मुलीच्या बापाने व्याह्यांपुढे वाकून राहावं, हा जुना विचार मला मुळीच मान्य नाही. पण ज्याला देशाबाहेर काढण्याची हमी व्याह्यांनी सहीशिक्क्यानिशी दिली आहे असा वधूपिता आमच्या घराण्यात तरी मी पहिलाच. हा कागद पासपोर्टच्या घडीत ठेवून मी त्या देशात उतरणार होतो. माझ्या पुढच्या वागण्याचा विचार करताना वाचकांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

आमच्या शेजारी श्रीरंग राहतो. जगात असा देश नाही जिथे श्रीरंगच्या ऑफिसमधलं कोणी जाऊन आलेलं नाही. संध्याकाळी लॉनला पाणी घालता घालता तो त्या त्या देशाविषयी सल्ले देतो आणि पाण्याचा पाइप बोलण्याच्या भरात आपल्याकडे वळवतो.

"उन्हाळा नुसता म्हणायला," तो म्हणाला. "डोंगरात थर्मल लागतात. आणि दुसरं म्हणजे दारू. प्लमची. सत्तर टक्के. पाहुणा दारात आला की पहिली तीच."

"नको म्हणायचं."

"नको म्हटलं की अपमान. आमच्या टीममधला एक जण नको म्हणाला, तर यजमानाच्या डोळ्यात पाणी आलं."

"मग काय करायचं?"

"अँटिबायोटिक्स चालू आहेत म्हणायचं. कुठल्याही कल्चरमध्ये चालतं यार."

मी अजिबात घेत नाही असं नाही. बार्बेक्यूला एक बिअर घेतो आणि ती निरोपाच्या वेळेपर्यंत पुरवतो. पण सत्तर टक्के हा आकडा मी शाळेतल्या मार्कांनंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. शिवाय मुलीच्या सासरी, पहिल्याच दिवशी, मी काय बोललो असतो याचा भरवसा नव्हता. श्रीरंगचा सल्ला मला व्यवहार्य वाटला. शैलजाला तो सांगावासा मला वाटला नाही, कारण श्रीरंगचे सल्ले ती मुळात ऐकूनच घेत नाही.

व्याह्यांचं घर लाकडी, उतरत्या छपराचं, आणि मागे इतके मोठे डोंगर की घराचा फोटो काढताना घरच लहान वाटावं. स्टाशेकराव (मी त्यांना मनातल्या मनात असंच म्हणतो) सहा फूट उंच आणि हात फळीसारखे. कुबा लहान असताना ते काही वर्षं शिकागोला छपरं घालायच्या कामावर होते, त्यामुळे त्यांचं इंग्रजी छपराच्या कामाला लागतं तेवढंच आहे. गुड, नॉट गुड, केअरफुल. विहीणबाई झोफिया यांना तेवढंही येत नव्हतं. त्या आपला हात हातात घेऊन पोलिशमध्ये बोलत राहत आणि आपण मान डोलवली की आणखी बोलत. तिकडे श्रीयुतला 'पान' म्हणतात आणि श्रीमतीला 'पानी'. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी पान विनय झालो आणि शैलजा पानी शैलजा.

बायका स्वयंपाकघरात भेटवस्तू उघडून बघत होत्या. बाहेर टेबलाशी स्टाशेकराव, कुबा, मी, आणि स्टाशेकरावांचे शाळेपासूनचे मित्र वोइतेक. ते खास मला भेटायला आले होते. बाटली आली. ग्लास छोटे होते, पण भरताना ते काठाच्या वरपर्यंत भरले गेले. सगळे उभे राहिले. मीही उभा राहिलो आणि दिलगिरीच्या सुरात म्हणालो, "सॉरी, मी अँटिबायोटिक्सवर आहे."

इथे माझा अंदाज पहिल्यांदा चुकला. कुबा नॉर्थ कॅरोलिनातच एका औषध कंपनीत काम करतो, हे मी विसरलो नव्हतो, पण ते या प्रसंगी आडवं येईल हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"कुठलं?" कुबाने आपुलकीने विचारलं.

"अमॉक्सिसिलिन," मी म्हणालो. मला तेवढंच एक नाव येतं.

"मग थोडी चालेल. त्यात तसा प्रॉब्लेम नसतो."

"नाही, ते आधी होतं. आता बदलून दिलं."

"मेट्रोनिडाझोल?"

"हो, तेच."

"अरे बापरे, मग एक थेंबही नको," तो म्हणाला, आणि मला हायसं वाटलं. पण तो थांबला नाही. "कशासाठी दिलं?"

"पोटासाठी," मी म्हणालो. त्याचा चेहरा पाहून हे पुरेसं वाटलं नसावं म्हणून मी पुस्ती जोडली, "आणि थोडं छातीसाठी."

"पोट आणि छाती? दोन्ही?" कुबाने माझ्याकडे नीट पाहिलं, मग वडिलांकडे वळून पोलिशमध्ये बोलायला लागला. मी चार शब्द बोललो होतो. त्याचं भाषांतर बराच वेळ चाललं. स्टाशेकरावांनी आपला ग्लास न पिता खाली ठेवला. वोइतेक यांनी टोपी काढली.

त्यानंतर माझ्या प्रकृतीचा ताबा झोफियाबाईंनी घेतला. मला चुलीजवळच्या खोलीत हलवण्यात आलं. लोकरीचे मोजे आले. जेवायला बाकीच्यांना ताटभर पदार्थ आणि मला वाटीभर सूप. मग त्यांनी एक बरणी आणली. बरणीत हंसाची चरबी होती. आपल्याकडे हंसावर सरस्वती बसते. तिकडे त्याची चरबी गरम करून आजारी माणसाच्या छातीला चोळतात. झोफियाबाई शेतकरी बाई, त्यांचे हात स्टाशेकरावांच्या हातांपेक्षा फार वेगळे नव्हते. चोळून झाल्यावर मला ब्लँकेटात गुंडाळून ठेवलं, आणि खिडकीतून मला दिसत होतं की माझी बायको, मुलगी आणि जावई डोंगर बघायला निघाले आहेत.

दुसऱ्या दिवशी वोइतेक बॅग घेऊन आले. ते डॉक्टर आहेत असं मला सांगण्यात आलं. गुरांचे, हे इलाने नंतर सांगितलं. त्यांनी माझी पापणी वर करून पाहिली, जीभ पाहिली, पाठीवरून सरळ खाली हात फिरवला आणि शेवटी मानेवर दोनदा थोपटलं. मग ते औषध दाखवा म्हणाले. माझ्याकडे औषध म्हणून एकच होतं, हिंगाष्टक चूर्णाची लहान बाटली, जी प्रवासात मी नेहमी जवळ ठेवतो. नाइलाजाने तीच दिली. वोइतेकनी झाकण उघडून खोल श्वास घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय म्हणतायत?" लग्नानंतर पोलिश शिकलेल्या इलाला मी विचारलं.

"ही सेज इट्स व्हेरी स्ट्राँग," इला म्हणाली. "गायीला ते याच्या अर्धं देतील म्हणाले. पण तुम्ही घेत राहा." मग तिने बाटली वोइतेक यांच्या हातातून घेऊन वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, दिस इज हिंग."

"ते वेगळं," मी म्हणालो. "गोळ्या संपल्या."

इला माझ्याकडे पाहत राहिली, पण तेवढ्यात झोफियाबाई बरणी घेऊन आल्या.

इथपर्यंतही गोष्ट आटोक्यात होती असं मला वाटतं. एक-दोन दिवसांत बरं व्हायचं आणि विषय संपवायचा, असा माझा बेत होता. पण मध्ये रविवार आला. अख्खं गाव चर्चला जातं, म्हणून आम्हीही गेलो. मला पहिल्या रांगेत, खांबाला टेकून बसता येईल अशी जागा मिळाली. फादर बोलत होते, मी भक्तिभावाने काहीच न कळता ऐकत होतो, आणि एकदम त्यांच्या बोलण्यात 'पान विनय' आलं. त्यापाठोपाठ 'इंडिया'सारखं काहीतरी आलं. लोक गुडघ्यावर बसले. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या मान लांब करून माझ्याकडे पाहायला लागल्या. त्यांच्या नजरेत जी करुणा होती तिची मला अजून आठवण येते.

मी शेजारी पाहिलं. शैलजाचा चेहरा पांढरा पडला होता.

चर्चच्या मागे दफनभूमी आहे, स्वच्छ, फुलांनी भरलेली. बाहेर आल्यावर शैलजा मला हाताला धरून तिकडे घेऊन गेली.

"किती दिवस लपवतोयस?" तिने विचारलं.

"काय?"

"कुबाने इलाला सांगितलं, इलाने मला. मी वाट बघत होते, तू आपण होऊन सांगशील म्हणून. गोळ्या घेतोस आणि मला दाखवत नाहीस. इला म्हणाली बाटलीत भलतंच काहीतरी ठेवलंय. मार्चमध्ये ब्लड टेस्ट केलीस, त्याचा रिपोर्टही दाखवला नाहीस."

"तो नॉर्मल होता म्हणून दाखवला नाही."

"खोटं बोलू नकोस, विनय." तिने माझा हात आणखी घट्ट धरला. "काय असेल ते सांग. आपण बघू काय करायचं ते. पण मला दुसऱ्या देशातल्या चर्चमध्ये कळावं, असं करू नकोस."

इतक्या वर्षांच्या संसारात शैलजाला मी अनेकदा चिडलेली पाहिली आहे. घाबरलेली क्वचितच. मी सगळं सांगितलं. बाटली, सत्तर टक्के, अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल, पोट आणि वाढीव छाती. लॉनवरचा सल्लाही सांगितला.

तिने ओढणीने डोळे पुसले. मग म्हणाली, "श्रीरंग." एवढंच. ओढणीने डोळे पुसले.

"मी आत्ता जाऊन त्यांना सांगून टाकतो," मी म्हणालो.

"आत्ता नको. झोफियाने आत्ताच तुझ्यासाठी मेणबत्ती लावलीय. ती जरा जळू दे." आणि ती मला तिथेच कोणाच्यातरी थडग्यापाशी सोडून झोफियाबाईंकडे निघून गेली.

त्या संध्याकाळपासून उपचार वाढले. चरबी सकाळ-संध्याकाळ झाली. त्यात कांद्याचं सरबत सुरू झालं. कांदा चिरून साखरेत मुरवतात आणि जे पाणी सुटतं ते पाजतात. झोफियाबाई चमचा घेऊन समोर उभ्या राहायच्या आणि मी गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. शैलजा दारात उभी राहून बघायची. मदतीला एकदाही आली नाही. मी ते निमूट सोसत होतो, कारण पापाला थोडं प्रायश्चित्त असावं असं मलाही वाटत होतं.

गवत वाळत आलं होतं. आता सगळं घर शेतावर होतं. कॅरीला आमचं लॉन कापायला माणूस येतो आणि त्याने नीट कापलं नाही अशी तक्रार करण्यापलीकडे शैलजाचा गवताशी संबंध नाही. ती डोक्याला रुमाल बांधून, लांब दांड्याचं लाकडी दाताळं घेऊन, झोफियाबाईंच्या बरोबरीने गवत ओढत होती. भाषेवाचून दोघींचं उत्तम चाललं होतं. मधूनच हसायच्याही. मी सफरचंदाच्या झाडाखाली खुर्चीत, ब्लँकेट पांघरून. रस्त्याने जाणारे लोक मला पाहून टोपी काढत. एक आजीबाई माझ्या मांडीवर चार अंडी ठेवून गेल्या. माणसाची प्रतिष्ठा किती प्रकारांनी जाऊ शकते याचा विचार करायला मला भरपूर वेळ होता.

दुपार कलताना डोंगरामागून ढग आला. आपल्याकडे ढग येतात, जमतात, दोन दिवस चर्चा होते. तिथे तो आला तो सरळ खाली. स्टाशेकराव ओरडले, आणि सगळे धावायला लागले. शेजारच्या शेतातले लोक कुंपण ओलांडून आले. वोइतेक आले. वर्षभराचं गुरांचं खाणं जमिनीवर पसरलेलं होतं आणि ट्रॉली अर्धीसुद्धा भरली नव्हती. शैलजा एकटीच तिच्याएवढा ढीग ओढत होती, आणि मध्येच घसरून गुडघ्यावर पडली.

मी ब्लँकेट टाकलं आणि धावलो. अंडी मांडीवर होती हे धावल्यावर माझ्या लक्षात आलं. शैलजाच्या हातातलं दाताळं घेतलं, ते उलटं धरलं होतं असं ती म्हणाली, सरळ केलं आणि ओढायला लागलो. मग स्टाशेकरावांनी मला दंडाला धरून ट्रॉलीवर चढवलं. वर गवत तुडवून दाबायला माणूस हवा होता. मी तुडवलं. जितकं तुडवलं तितकं खालून येत राहिलं. शेवटचा भारा वर आला तेव्हा स्टाशेकरावांनी "केअरफुल" म्हटलं, पण तोवर मी गवताच्या एका मोठ्या गठ्ठ्यासकट पलीकडे खाली पोचलो होतो. पडलो तो गवतावरच. उठलो, तो गठ्ठा उचलून परत वर फेकला. ट्रॅक्टर कोठारात शिरला आणि मागे पाऊस असा कोसळला की समोरचं घर दिसेना.

कोठारात सगळे धापा टाकत उभे होते. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की धापा टाकणाऱ्यांत मीही आहे. अंडीवाल्या आजीबाईंनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. वोइतेकनी माझी पापणी वर करून पाहिली आणि समाधानाने मानेवर थोपटलं. कुठूनतरी बाटली आली. स्टाशेकरावांनी ग्लास भरला, मला देऊ की नको अशा विचारात हातातच धरून ठेवला.

"थांबा," मी म्हणालो. शिकागोच्या इंग्रजीत बसेल असं सावकाश बोललो. "नो मेडिसिन. मी आजारी नव्हतो. मला या बाटलीची भीती वाटली, म्हणून खोटं बोललो. झोफियाला सांगा. तिला सांगा, मला माफ कर."

स्टाशेकरावांनी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांना कळलं होतं, यात शंका नाही. मग ते बायकोकडे वळून बरंच काही बोलले. कोठारातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. झोफियाबाई पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या दोन्ही गालांचा मुका घेतला. हे माफीचं लक्षण मला जरा जास्तच वाटलं.

"तुम्ही तिला काय सांगितलंत?" मी हळूच विचारलं.

"मी सांगितलं," स्टाशेकराव म्हणाले, "हा म्हणतो, तुझ्या सूपने, तुझ्या चरबीने, हा गुड झाला."

"मी असं नाही म्हणालो."

त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला. "शिकागो," ते म्हणाले, आणि हात डोक्यावर जाईल तितका उंच नेला. "रूफ, व्हेरी हाय. ती फोनवर विचारते, हाय? मी म्हणतो, नो. स्मॉल." हात कमरेपर्यंत खाली आणला. "सगळी वर्षं, स्मॉल."

मी ग्लास रिकामा केला. श्रीरंगचा आकडा बरोबर होता. मला असा ठसका लागला की वोइतेक पाठीत गुद्दे मारायला लागले, आणि झोफियाबाई भर पावसात घराकडे धावल्या. बरणी आणायला.

इला आणि कुबा आणखी काही दिवस तिथे राहणार होते. आम्ही दोघेच परतलो. विमानतळावरून घरी येताना गाडी शैलजा चालवत होती. दफनभूमीतल्या प्रसंगानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. काहीतरी चांगलं सांगावं म्हणून मी तिला स्टाशेकरावांच्या छपरांची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं माणसाने बायकोला काळजी लागू दिली नाही, केवढं मन, वगैरे.

"तिला माहीत आहे," शैलजा म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"छपरं किती उंच होती ते. बरोबरच्या कोणीतरी फोटो पाठवला होता. हा कडेला उभा आणि खाली मोटारी मुंग्यांएवढ्या. तिने कपाटात साड्यांखाली ठेवावा तसा कपड्यांखाली ठेवलाय. मला दाखवला."

"मग त्यांना कधी बोलली नाही?"

"काय बोलणार? तो तिकडून सांगायचा स्मॉल, ही इकडून म्हणायची बरं. आता आला ना घरी."

बाहेर कॅरीची पाटी गेली. मग एक शंका आली.

"आणि माझं? माझं तिला कळलं होतं?"

"मी सांगितलं. रविवारीच, चर्चच्या दारात, इलाला मध्ये घेऊन. पोट धरून हसली."

मी मनाशी हिशेब जुळवू लागलो. "म्हणजे त्या दिवसापासून तिला माहीत होतं. मग दोन-दोनदा चरबी? आणि ते कांद्याचं सरबत?"

शैलजाने आरशात पाहिलं, सिग्नल दिला आणि शांतपणे लेन बदलली.

"ते मी सांगितलं होतं," ती म्हणाली.